नव्या गाडीला जळका वास



या सदरात आपण पिकाच्या रोगाची लक्षणे पाहतो. आज रोगी निराळा आहे, पण तपासण्याची रीत तीच.

आमच्या बोरगाव मेघेत माझ्या शेजारीच पुतण्याचे घर आहे. वहिनींचे गुडघे गेले. महिन्यातून दोनदा त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावे लागते. म्हणून त्याने कापसाच्या पैशात थोडे कर्ज घालून चारचाकी घेतली, तीही ऑटोमॅटिक. पंधरा दिवस झाले नाहीत तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडीत जळका वास येते. हा पोरगा ऐकत नाही."

पुतण्या हसला. "काकाजी, नवी गाडी तापली का वास येतेच म्हणतात."

त्याचे अगदी खोटे नव्हते. नव्या गाडीच्या सायलेन्सरवर आणि इंजिनवर तेला-मेणाचा लेप असतो. तो पहिल्या काही फेऱ्यांत जळतो आणि वास दिवसेंदिवस कमी होतो. इथे मात्र वाढत होता. पान पिवळे दिसले की आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मूळ पाहतो. तसे मी त्याला विचारले : वास कसला, केव्हा, कुठून?

वास कागद किंवा पुठ्ठा जळाल्यासारखा होता. सपाट रस्त्यावर येत नव्हता. वर्धेच्या उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली की यायचा. मी शेजारी बसून पाहिले. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून पुतण्या ब्रेक न दाबता अॅक्सिलेटरवर हलका पाय देऊन गाडी धरून ठेवत होता. रोग सापडला.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचा पेडल नसतो, म्हणून आत क्लचच नाही असे समजू नका. स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत, ज्यांना एएमटी म्हणतात, नेहमीचीच क्लच प्लेट असते. ती फक्त पायाऐवजी यंत्र दाबते. चढावर अॅक्सिलेटरने गाडी धरली की प्लेट अर्धवट लागून घासत राहते. ट्रॅक्टरवर क्लचवर पाय ठेवून नांगरणारा गडी प्लेट कशी जाळतो, हे तुम्हाला सांगायला नको. पुतण्याची गाडी कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. दोष गाडीचा नव्हताच.

उपाय साधा. चढावर थांबताना ब्रेक दाबा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. गर्दीत इंच इंच सरकू नका. थोडे अंतर पडू द्या, मग पुढे घ्या. वास आलाच तर बाजूला थांबून गाडी थंड होऊ द्या. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असे झाले तर मात्र गाडी कारखान्यात दाखवा.

इतर वासही ओळखून ठेवा. चाकाजवळ वास आणि एकच चाक जास्त गरम, तर हँडब्रेक किंवा ब्रेक अडकला आहे. चाकाला हात लावू नका, दुरूनच धग जाणवते. तेलाचा वास म्हणजे गळती. गोडसर वास म्हणजे रेडिएटरचे पाणी गळते आहे. प्लास्टिक किंवा वायर जळाल्याचा उग्र वास सर्वांत वाईट. आपल्या घरी धान्य, म्हणून उंदीर; आणि उंदीर गाडीच्या वायरी कुरतडतात. असा वास आला की गाडी थांबवा, बंद करा, आधी माणसे उतरवून दूर न्या. धूर दिसत असेल तर बॉनेट उघडू नका; हवा मिळाली की आग भडकते. 112 वर फोन करा.

आता खरी गोष्ट. तपासता तपासता मी वाकून गाडीखाली बॅटरी मारली, तर सायलेन्सरच्या वर सोयाबीनचे कुटार अडकलेले! मळणीच्या दिवसांत पुतण्या गाडी थेट खळ्यावर उभी करायचा. धूर शुद्ध करणारा जो डबा सायलेन्सरच्या नळीत असतो, तो चालून आलेल्या गाडीत काही शे अंश सेल्सिअस तापलेला असतो. वाळले कुटार पेटायला तेवढे पुरे. नव्या डिझेल गाड्या तर साठलेली काजळी अधूनमधून आतल्या आत जाळतात, तेव्हा ती नळी आणखी तापते. क्लच जळाला असता तर पैसे गेले असते. कुटार पेटले असते तर गाडी, गंजी आणि शेजारचा गोठाही गेला असता.

आम्ही गाडी थंड होऊ दिली आणि काडीने सारे कुटार काढले. आता गाडी अंगणात मोकळ्या मातीवर उभी राहते. तुम्हीही खळ्यावरून आलात की एकदा वाकून खाली पाहा.

आणि घरातली बाई "वास येते" म्हणाली तर हसू नका. चुलीपाशी दूध उतू जायच्या आधी तिलाच कळते.