रिकाम्या बॅचची जाहिरात

महापालिकेच्या बागा, तलाव आणि मैदाने यांत चालणारे उपक्रम दोन प्रकारचे असतात : ज्यांची जाहिरात करावी लागत नाही ते आणि ज्यांची कुणी करतच नाही ते. मुंबईत पहिल्या प्रकाराची उदाहरणे ठळक आहेत. भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, दर हिवाळ्यात भरणारे फुले-फळे-भाज्यांचे प्रदर्शन पाहायला झुंबड उडते. उन्हाळ्यात पालिकेच्या जलतरण तलावांवर भरणाऱ्या २१ दिवसांच्या पोहण्याच्या वर्गांनाही मागणी असते. दुपारच्या वेळेचा वर्ग, आडबाजूच्या बागेतले शिबिर, कुंडीतल्या भाज्यांची कार्यशाळा हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रसिद्धीचा कस लागतो तो इथे.

गर्दी कशाने होते, हे राणीबागेच्या गेल्या काही वर्षांतून शिकता येते. हम्बोल्ट पेंग्विन तिथे २०१६ मध्ये आले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांना पाहायला खुले झाले. त्याच वर्षी प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी मात्र १०० रुपयांचे एकत्र तिकीट ठेवले गेले. दर दसपट होऊनही बाग ओस पडली नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये वाघाच्या बछड्याचे ‘वीरा’ आणि पेंग्विनच्या पिल्लाचे ‘ऑस्कर’ असे नामकरण जाहीर झाले, तेव्हा छदामही न खर्चता ती बातमी सर्व वृत्तपत्रांत झळकली. लोक ‘प्राणिसंग्रहालय’ पाहायला निघत नाहीत, वीराला पाहायला निघतात. कुटुंबाच्या तिकिटातही एक निरोप असतो : ही जागा घरच्या सगळ्यांना घेऊन यायची आहे.

लहान उपक्रमाला हेच सूत्र लागू पडते. बागेच्या फाटकावर ‘योगवर्ग सुरू आहेत’ एवढेच लिहिले, तर वाचणारा पुढे निघून जातो. ‘साठी ओलांडलेल्यांसाठी, खुर्चीत बसून करायची आसने, सकाळी सात ते पावणेआठ, पहिला आठवडा मोफत’ असे लिहिले, तर गुडघेदुखीने घरी बसलेल्या आजींना ते आपल्यासाठी आहे हे कळते. कोणासाठी, केव्हा, कुठे, किती पैशांत आणि शेवटी पदरात काय पडेल, या पाच प्रश्नांची उत्तरे फलकावर हवीत. अधिकाऱ्यांची नावे आणि छायाचित्रे त्यानंतर जागा उरली तर.

माध्यम निवडताना पहिला विचार बॅनरचा होतो आणि मुंबईत तोच सर्वांत कमकुवत ठरतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सणांची अभिवादने यांच्या दाटीत पोहण्याच्या वर्गाचा फलक कुणाच्या नजरेत भरत नाही. शिवाय बेकायदा फलक उतरवण्याचे काम पालिकेच्याच माणसांना करावे लागते. त्यापेक्षा पालिकेच्या हातात आधीपासून असलेले मार्ग अधिक भरवशाचे आहेत. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या आहेत. त्या त्या भाषेतली चिठ्ठी मुलांच्या दप्तरातून थेट घरात पोहोचते. पाण्याची देयके सोसायट्यांकडे जातातच. त्यांच्यासोबत जवळच्या बागेचे तीन महिन्यांचे वेळापत्रक जाऊ शकते. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब आणि सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट हे पुढचे दुवे. बागेतले माळी आणि सुरक्षारक्षक यांना तर रोज शेकडो माणसे भेटतात. कोणता वर्ग कधी असतो हे त्यांना ठाऊक असेल, तर विचारणाऱ्याला ‘ऑफिसात विचारा’ हे उत्तर मिळणार नाही.

यानंतर येते नावनोंदणी. मलबार हिलवरचा ४८५ मीटर लांबीचा निसर्ग उन्नत मार्ग गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, खुला झाला, तोच २५ रुपयांचे तिकीट आणि ठरलेल्या वेळेचे ऑनलाइन आरक्षण यांसह. आपली वेळ आधीच ठरलेली असली की माणूस निर्धास्तपणे घराबाहेर पडतो. पण केवळ ऑनलाइन नोंदणी ठेवली, तर घरकाम करणाऱ्या बायका आणि स्मार्टफोन न वापरणारे वृद्ध गळतात. वॉर्ड कार्यालयात किंवा बागेतच एक वही आणि पेन असावे. अगदी प्राथमिक माहितीलाही मोल असते. राणीबाग बुधवारी बंद असते; मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली की ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद करतात. एवढी एक ओळ वेळेवर पोहोचली, तर कल्याणहून निघालेल्या कुटुंबाची खेप वाया जात नाही.

शेवटचे काम मोजणीचे. अर्जावर ‘हा वर्ग कसा कळला?’ हा एक प्रश्न असला, तर कोणत्या मार्गाने माणसे येतात ते वर्षभरात दिसते. पहिल्या दिवशी किती आले आणि शेवटच्या दिवशी किती उरले, याची हजेरी ठेवली की प्रसिद्धीतली त्रुटी आणि वर्गातली त्रुटी वेगळ्या काढता येतात. माणसे आलीच नाहीत, तर निरोप पोहोचला नाही किंवा वेळ आणि फी जमली नाही. येऊन गळाली, तर शिकवण्यात उणीव आहे, तिथे आणखी पत्रके छापून उपयोग नाही. भरलेल्या बॅचवर पुन्हा खर्च करणे तर व्यर्थच. सकाळच्या वर्गात जागा न मिळालेल्याला त्याच खिडकीवर दुपारच्या मोकळ्या वर्गाची माहिती द्यावी आणि प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती त्याच्या घराजवळच्या बागेचे वेळापत्रक ठेवावे. गर्दीचा कार्यक्रम रिकाम्या कार्यक्रमाकडे वाट दाखवू लागला की प्रसिद्धीचा निम्मा खर्च वाचतो.