फ्रीझरमध्ये आहे तीच सेल लाइन?

जनुक क्लोन करताना पीसीआर लागला नाही की आधी प्रायमरवर संशय जातो, मग एन्झाइमवर, मग तापमानावर. ज्या पेशींतून आरएनए काढला त्यांत ते जनुक मुळात व्यक्त होते का, हे शेवटी आठवते. बहुतेक ठिकाणी निवड नायट्रोजनच्या टाकीत काय पडले आहे यावरून होते: हेला, नाहीतर एचईके-293.

काही जनुकांना ते चालतेही. बीटा-2 अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टरच्या जनुकात इंट्रॉनच नाही. कुठल्याही मानवी पेशीचा जीनोमिक डीएनए घ्या, काम झाले. अल्ब्युमिनसाठी मात्र हेलाशी झटापट कशाला? हेपजी2 घ्यावी. पण हेपजी2 यकृताची म्हणून यकृताचे सगळेच तिच्यात सापडेल असे नाही. सीवायपी3ए4 तिच्यात अगदीच कमी. मागवण्याआधी ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास उघडून त्या सेल लाइनमधला आरएनएचा आकडा पाहावा.

खरी मेख पी53मध्ये आहे. हेलाच्या वेस्टर्न ब्लॉटवर पी53 जेमतेम दिसते, म्हणून ती बाद केली जाते. वास्तविक तिथे एचपीव्ही-18चे ई6 प्रथिन पी53ला नष्ट करवते; एमआरएनए शाबूत असतो आणि क्रमही वाइल्ड टाइप. सीडीएनएसाठी हेला चालेल. उलट एमडीए-एमबी-231मध्ये बँड ठसठशीत, आणि क्लोनमध्ये 280व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन! जाड बँडवर भाळलेला विद्यार्थी मग पी21 का चढत नाही याचा शोध घेत बसतो. एमसीएफ-7 किंवा एचसीटी116 बरी. क्लोनमध्ये कोडॉन 72वर प्रोलिन येवो की आर्जिनिन, ते बहुरूपत्व आहे. म्युटेशन समजून क्लोन फेकू नका.

तोंडाच्या कर्करोगावर आपल्याकडे भरपूर काम होते आणि त्यात ‘केबी’ अजूनही हटकून भेटते. केबी म्हणजे हेलाच. चँग लिव्हरही हेलाच. स्टॅन्ली गार्टलर यांनी 1966 मध्येच ही भेसळ दाखवली होती. चुकीची ओळख चिकटलेल्या सेल लाइनच्या आयसीएलएसीच्या यादीत दोन्ही नावे आहेत. तरी ‘तोंडाच्या पेशींतून वेगळे केलेले जनुक’ असे लिहिलेले लेख येतात, आणि परीक्षकही ते पुढे सरकवतात, याचे नवल वाटते.

यापुढे सेल लाइनची ओळख पटवणाऱ्या एसटीआर अहवालाशिवाय आमच्याकडे आलेला असा लेख परीक्षकांकडे जाणार नाही. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून आणलेल्या असल्या तरी अहवाल ज्या पॅसेजमधून आरएनए काढला त्याचा हवा, व्हायलसोबत आलेला कागद चालणार नाही.