आढेवेढे घेऊ नका, साहेब!

आमच्या फुलचूरच्या एका मुलीने गेल्या वर्षी एका साहेबांना इंग्रजीतून लिहिले : आढेवेढे घेऊ नका, माझ्या शिष्यवृत्तीचे काय झाले ते सांगा!

वाचक हो, पोरगी उर्मट नाही. दारी पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करणारी आहे. तिच्या अर्जातले मूळ वाक्य साधे, नम्र होते : काय झाले ते कृपया स्पष्ट कळवावे. पण ती ज्या शिकवणीला जाते तिथे साधे वाक्य म्हणजे कच्चे वाक्य. ते ‘प्रगत’ करायचे, म्हणजे त्यात एक इडियम नाहीतर फ्रेझल व्हर्ब कोंबायचे. तिने वही उघडली. ‘बीट अबाउट द बुश’ : स्पष्ट न बोलणे. दिले ठोकून! साहेबांनी अर्ज बाजूला सारला आणि बाप चौकशीला गेला तेव्हा, मुलीला आधी वळण लावा, असे ऐकवले. ऐन धानकापणीत दिवसाची मजुरी बुडवून गेलेला माणूस हे ऐकून परत आला.

“काकाजी, मी का चुकली जी? अर्थ तं बरोबर होता.”

अर्थ बरोबर होता, हेच तर दुखणे आहे. ह्या शिकवण्या अर्थ सांगतात. कोणी, कोणाला, कोणत्या वेळी म्हणावे हे सांगत नाहीत. आणि वाक्प्रचारात तेवढेच तर असते! ‘आढेवेढे घेऊ नका’ हे ह्या मुलीने मराठीत साहेबांना सात जन्मांत म्हटले नसते. ती मराठीतली जाण इंग्रजीच्या वहीत उतरू द्यायचीच नाही, असा मात्र आमच्या मास्तरांचा पण.

फ्रेझल व्हर्बची तर आणखी गंमत. ‘पोस्टपोन’ खोडून ‘पुट ऑफ’ लिहिले की वाक्य वरच्या इयत्तेत गेले, असे मुलांना शिकवतात. अहो, उलट आहे! ‘पुट ऑफ’ हे घरातले, बोलण्यातले, ‘पोस्टपोन’ कागदावरचे. इंग्रज आई आपल्या लेकराशी ‘पुट ऑफ’च्याच भाषेत बोलते. (सगळीच अशी घरगुती नव्हेत, ‘कॅरी आउट’, ‘लुक इन्टू’ सरकारी पत्रातही शोभतात. पण ही निवड शिकवणार कोण?) ही क्रियापदे परक्यांना फार जड जातात, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे.

आता हे ‘सांगून ठेवले’ पाहा. सांगून ठेवले, सांगून टाकले, सांगून पाहिले, सांगून बसलो. क्रिया एकच, सांगण्याची. पण पहिल्यात पुढची तजवीज, दुसऱ्यात सुटकेचा नि:श्वास, तिसऱ्यात प्रयत्न, चौथ्यात पश्चात्ताप. इंग्रज हे काम अप, ऑफ, आउटकडून करून घेतो, आपण ठेवणे, टाकणे, बसणे ह्यांच्याकडून. जोडणीची रीत वेगळी, पण लहानशा शब्दाने क्रियेचा रंग पालटण्याची युक्ती तीच. आमच्या भागातले मूल तर घरी झाडीबोली किंवा पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलते. म्हणजे एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगण्याचा सराव त्याला आईच्या कडेवर असल्यापासून! त्याला कोणी विचारते का, की हेच तू आजीला कसे सांगशील, गुरुजींना कसे सांगशील? छे. त्याला म्हणतात, तुझी बोली गावंढळ, ती दाराबाहेर ठेवून ये आणि हे पन्नास इडियम पाठ कर. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. एवढ्या वर्षांत हा साधा प्रश्न वर्गात शिरला नाही!

वाक्ये फिरवून लिहिण्याला माझा विरोध नाही. तालीम उत्तमच आहे. मीही जन्मभर तीच घेतली आणि त्या वेळी, कबूल करतो, अशीच आंधळेपणाने घेतली. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ मीही कित्येक पोरांकडून घोकून घेतले. त्यातल्या एकानेही पुढे पावसाबद्दल बोलताना ते वापरल्याचे मला आठवत नाही.

त्या मुलीला मी शेजारी बसवले. म्हटले, हे पत्र आधी तुझ्या बोलीत मोठ्या बहिणीला लिही, मग मराठीत हेडमास्तरांना. दोन्ही तिने पाच मिनिटांत लिहिली, एकही शब्द जागा चुकला नाही. मग तिसरे, इंग्रजीत. त्यात एकच फ्रेझल व्हर्ब आले, ‘लुक इन्टू’, आणि ते योग्य जागी आले. पत्र टपालात टाकले आहे. शिकवणीच्या मास्तरांनी मात्र त्याच मजकुराला दहापैकी चार गुण दिले. शेरा होता, ‘भाषा फार साधी’.