अंकल-आंटी रॉक्स!

लाइव्ह रॉक म्हटलं की काळे टी-शर्ट आणि मान मोडेपर्यंत हेडबँगिंग, एवढंच डोळ्यांसमोर येतं ना? मग एखाद्या शनिवारी वांद्र्यात गिगला जा आणि स्टेजऐवजी फ्लोअरच्या कोपऱ्याकडे बघा. पन्नाशी ओलांडलेली जोडपी, अंकलचे चकाचक शूज, आंटीच्या पायात पट्टीची हील. लग्नांत, जिमखान्यांत वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट करत आलेली ही मंडळी इथे सॉलिड एन्जॉय करतात!

बँडने क्वीनचं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुरू केलं की बघाच. १९७९चं हे गाणं लिहिलं फ्रेडी मर्क्युरीने (पाचगणीला शिकला, म्हणजे आपलाच म्हणा!), पण चाल १९५०च्या दशकातल्या रॉक अँड रोलची. म्हणून जाइव्ह फिट्ट बसतो. स्पर्धेतला जाइव्ह मिनिटाला १७०च्या आसपास ठोक्यांवर पळतो, हे त्याहून जरा निवांत. गुडघ्यांना परवडणारं. 'वी आर द चॅम्पियन्स'वर आपण नुसते हात हलवतो. हे लोक चक्क वॉल्ट्झ घेतात, कारण ठेका तीन-तीनचा! ड्रमर मध्येच जोशात आला तर अंकल पावलं छोटी करतात, बस्स.

एखाद्या आंटीचा जोडीदार आता नसतो. ती पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते. दुसऱ्या गाण्यापर्यंत कुणीतरी तिच्यापुढे हात करतंच, तिची मैत्रीणही. आपल्या ऑफिस पार्टीत असं कोण करतं, सांगा!

तुम्हालाही ओढतील. रबरी सोलचे शूज तेवढे नकोत, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो.