नैवेद्याची परीक्षा

दूरचित्रवाणीवर २०१० साली ‘मास्टरशेफ इंडिया’ ही पाकस्पर्धा सुरू झाली आणि परीक्षकांच्या निवाड्यांवर घरोघरी वाद रंगू लागले. २०१५चे चौथे पर्व तर संपूर्णतः शाकाहारी होते. ही रसिकता स्वागतार्हच आहे. तथापि तेथे स्पर्धकही चाखतो, परीक्षकही चाखतो. नैवेद्य मात्र देवाआधी कोणी चाखावयाचा नसतो. मिठाचा अंदाज हाताला, सारणाचा नाकाला आणि मोदकाच्या उकडीचा बोटांना यावा लागतो. ही कठीण परीक्षा आपल्या गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या मूकपणे देत आल्या आहेत. पडद्यावरील स्पर्धकांसाठी हिरिरीने भांडणाऱ्या आपण सर्वांनी आज गणेशचतुर्थीच्या पंगतीतून उठण्यापूर्वी स्वयंपाकघरातील त्या हातांना कौतुकाचा एक शब्द देऊ नये काय?