कुंपणाचा तंटा आणि कायद्याची वाट

बांधावरून ज्या गांवांत भांडण नाहीं असें गांव आमच्या महाराष्ट्रांत विरळाच. एकानें वहिवाटीच्या वाटेवर फाटक बसवून कुलूप ठोकावें, दुसऱ्यानें रातोरात तें कुऱ्हाडीनें फोडावें, हा प्रकार केवळ खेड्यांतच चालतो असें नाहीं; पेठेंतील वखारींच्या आणि वाड्यांच्या सामाईक आवारांतही तो घडतो. त्यांत विशेष हें कीं, दोघेही आपणच न्यायानें वागलों असें मनापासून समजतात. यास्तव कायदा कोणाच्या पदरीं काय घालतो, हें वाचकांस सांगणें अवश्य वाटतें.

परक्याचें कुंपण जाणूनबुजून मोडणें ही नुसती भरपाईची बाब नव्हे. तो अपराध आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमांत यास ‘आगळीक’ म्हटलें असून तीबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही सांगितलीं आहेत. नुकसान २०,००० रुपयांवर गेलें तर कैद २ वर्षांपर्यंत, आणि १ लाखावर गेलें तर ५ वर्षांपर्यंत होऊं शकते. १८६० च्या दंडसंहितेंत साध्या आगळिकीस ३ महिनेच होते. “कुंपण सामाईक आहे, त्यांत माझाही पैसा आहे,” ही सबबही चालत नाहीं. सामाईक वस्तूचा नाश करणाराही अपराधी ठरतो. फाटक मुद्दाम उघडून शेजाऱ्याच्या पिकांत गुरें घालणें हीही आगळीकच.

“पण त्यानें माझी २० वर्षांची वाट अडविली, मग मीं काय स्वस्थ बसावें?” असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर कुऱ्हाड हें नव्हे. वहिवाटीच्या हक्कांविषयीं १८८२ चा जो इझमेंट ॲक्ट आहे, त्याच्या ३६ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, अडथळा बेकायदा असला तरी हक्कदारानें तो स्वतःच्या हातानें दूर करूं नये. म्हणजे वाट तुमची असेल, पण फाटक फोडण्याचा अधिकार तुमचा नाहीं. शेताची वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टाप्रमाणें ६ महिन्यांच्या आंत दावा लावावा. शहरांतील वाड्यावखारींच्या बाबतींत दिवाणी कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवावा. अडविणारासही मोकळीक नाहीं. दुसऱ्याच्या हक्काच्या वाटेंत त्यास गैरपणें रोखून धरणारास, संहितेच्या १२६ व्या कलमान्वयें, महिनाभर साधी कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊं शकतो. मात्र खासगी वाट अडविण्याचा आपणांस हक्क आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असेल, तर तो सुटतो. म्हणून नकाशा आणि दस्तऐवज आधीं पाहावे, हात मागाहून उचलण्याचें कारणच पडणार नाहीं.

येथवर रयतेस उपदेश झाला. आतां सरकारास दोन शब्द. ज्या कायद्यानें माणसाच्या हातांतील कुऱ्हाड काढून घेतली, त्यानें त्या हातांत वेळेवर निकाल ठेवणें हें त्याचें ऋण आहे. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरांत करावी आणि अशा अर्जांचा निर्णय ९० दिवसांत द्यावा, असें राज्य शासनानें मे २०२५ मध्यें ठरविलें. हें स्तुत्य होय. परंतु ६ महिन्यांची मुदत चुकली तर वादीचा दावा बुडतो; ९० दिवसांची मुदत अधिकाऱ्यास चुकली तर कोणाचें काय बुडतें? पेरणीच्या दिवसांत ज्याची बैलगाडी फाटकाबाहेर उभी राहिली, त्याचा हंगाम तेवढा बुडतो! मुदतींचा हा पंक्तिप्रपंच जोंवर आहे, तोंवर शहाण्या माणसासही कुऱ्हाडीचा मोह सुटणार नाहीं. मोजणी लवकर व्हावी, निकाल मुदतींत लागावा, आणि विलंबाचा जाब अधिकाऱ्यास द्यावा लागावा, एवढें झालें तर कुंपणें आपोआप शाबूत राहतील.