‘फक्त फॅमिलीसाठी’

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक काम आले. ओळखीची दोन जोडपी, एक दोन स्त्रियांचे आणि एक दोन पुरुषांचे, त्यांना जानेवारीत दोन रात्री समुद्रकाठी राहायचे होते. चौघेही मुंबई-पनवेलकडचे. मी रायगड जिल्ह्यात काम करते, अलिबागपासून मुरूडपर्यंत बचत गटांमुळे बऱ्याच घरांत जाणे-येणे आहे, तेव्हा जागा तू बघून दे, असे त्यांनी सांगितले. “लाकडी खोली असावी, बाहेर शेकोटी असावी आणि दाराला आतून चांगली कडी असावी,” दोघींपैकी एक फोनवर म्हणाली. लाकूड आणि शेकोटी हौसेची होती. कडीचे मात्र तिने दोनदा सांगितले.

या दोघी नऊ वर्षे एकमेकींच्या जोडीदार आहेत. एक आई-वडिलांबरोबर दोन खोल्यांत राहते, दुसरी भावाच्या संसारात. या नऊ वर्षांत त्यांनी एकत्र काढलेल्या रात्री बहुतेक आपल्यासारख्या संघटनांच्या शिबिरांतल्या आहेत. शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, तीस-चाळीस बायकांच्या मध्ये, पहाटे पाचला कुणीतरी गाणे म्हणत उठवणार. “तुमची शिबिरे हाच आमचा हनिमून,” असे ती गमतीने म्हणते. शिबिरांचे नियोजन मी स्वतः केलेले असल्यामुळे मला ते लागले.

आपल्याकडचा हिवाळा म्हणजे काही बर्फ नव्हे. पण डिसेंबरच्या मध्यापासून नागाव, आक्षी, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात रात्री अंगावर चादर लागते, सकाळी नारळी-पोफळीच्या वाड्यांत दव असते आणि वालाच्या शेंगा भरल्या की घरोघर पोपटी लागते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, अंडी, कुणाला चालत असेल तर कोंबडी भरायची, मडके पालथे घालून भोवती पेंढा आणि लाकडे पेटवायची आणि अर्धा तास भोवती बसून गप्पा मारायच्या. जोडीने बसायला याहून चांगली शेकोटी मला माहीत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट येते, त्यामुळे मुंबईहून येणेही सोपे झाले आहे. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळावा. भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. संक्रांतीनंतरचे मधले वार उत्तम.

मग मी फोन करायला बसले. दोघी आहेत म्हटल्यावर कुठेच अडचण आली नाही. “मैत्रिणी का? बहिणी? या की!” दोघांच्या बाबतीत मात्र एकच उत्तर पाच ठिकाणी मिळाले: “ताई, आम्ही बॅचलर घेत नाही. फक्त फॅमिली.” हे दोघेही चाळिशीचे, एक बँकेत, एक शिक्षक. तेही बारा वर्षे एकत्र राहतात. पण फाटकावरच्या पाटीपुढे ते बॅचलरच.

सहाव्या ठिकाणी मी काय केले ते सांगते, कारण त्यावरूनच हा लेख लिहावासा वाटला. मी म्हटले, “दोन जोडपी आहेत.” एवढेच. यात एकही शब्द खोटा नव्हता. पलीकडच्या काकूंनी लगेच दोन खोल्या दिल्या, जेवणात मासे की शाकाहारी विचारले आणि फोन ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणती दोन जोडपी उभी राहिली हे मला पक्के ठाऊक होते. मी चौघांना सांगितले तेव्हा ते खूप हसले. रात्री जेवून झाले की खोल्या बदलायच्या, की काम झाले! आपल्या देशात असंख्य जण असेच राहत आले आहेत. भाऊ, चुलतभाऊ, मैत्रीण, रूममेट, पेइंग गेस्ट, या शब्दांच्या आडोशाने.

दोन दिवस मलाही ते हुशारीचे वाटले. नंतर मात्र चैन पडेना. या काकू माझ्या गटातल्या आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची पोफळीची बाग आडवी झाली. पोफळ पुन्हा धरायला किती वर्षे लागतात हे वाडीवाल्यांना विचारा. तेव्हापासून पडवीला लागून काढलेल्या दोन खोल्या आणि त्यांच्या हातचे जेवण यावरच घर चालते. खोल्या सासऱ्यांच्या नावावर, पाहुण्यांशी बोलतो दीर, आणि पहाटेपासून चादरी धुण्यापासून कालवण करण्यापर्यंत सगळे काम काकूंचे. उद्या कुणाला कळले, गावात बोलले गेले, तर जाब दीर देणार नाही. ‘तुला कळत नाही का कुणाला घरात घेतेस ते’ हे काकूंनाच ऐकावे लागेल. आपल्या चौघांच्या मोकळ्या श्वासाची किंमत एका बाईने तिच्या नकळत मोजायची, हे मला पटेना. चौघांशी बोलले. दोघे पुरुष नको म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच काही सरळ जमत होते. दोघींचे मत पडले की सांग. मग त्यांच्या परवानगीने मी काकूंकडे गेले.

काकूंनी ऐकून घेतले. मग तीन प्रश्न विचारले. दारू पिणार का? पोलीस आले तर? शेजारी विचारतील तर काय सांगू?

पहिला प्रश्न आपण गंभीरपणे घ्यायला हवा. ‘बॅचलर नको’ ही पाटी काही निव्वळ जुनाट विचारांतून आलेली नाही. शनिवारी गाडी भरून येणारी पोरे, बाटल्या, मोठ्याने गाणी, अंगणात शिकायला बसलेली मुलगी, हे सगळे त्या घराने सोसलेले आहे. एकट्या बाईने स्वतःच्या अंगणात सुरक्षित राहण्यासाठी केलेला नियम आहे तो. पण हा नियम वागणूक कुठे तपासतो? तो गळ्यातले मंगळसूत्र तपासतो. मी हे म्हणताच काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच सांगितले, की मागच्या मे महिन्यात एक ‘फॅमिली’ आली होती, मूलही बरोबर होते. रात्री खोलीतून मारल्याचा आणि बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. “दार वाजवावे असे वाटले होते. पण म्हटले, नवरा-बायकोचे आहे.” सकाळी ती बाई डोक्यावर पदर घेऊन गाडीत बसली, नवऱ्याने पैसे चुकते केले, पुन्हा येऊ म्हणाला. त्या माणसाला कुणीही नाही म्हटले नव्हते.

मैत्रिणींनो, कुटुंब ही जागा बाईसाठी सुरक्षित असतेच असे नाही, हे आपण किती वर्षे सांगतो आहोत! मथुरा प्रकरणापासून, हुंड्याच्या मोर्चांपासून, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यापर्यंत. आणि फाटकावर ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी दिसली की आपण नवरा-मुलांसह आत जातो आणि ती वाचतही नाही.

पोलिसांची भीतीही उगाच नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतल्या मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी खोल्यांतून सज्ञान स्त्री-पुरुष जोडपी बाहेर काढली आणि सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचे कलम ११० लावले. बंद खोली सार्वजनिक कशी होते, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. स्त्री-पुरुष जोडप्यांची ही गत, तर दोघा पुरुषांनी किती घाबरावे? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात सांगितले, की लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहायला बंदी करणारा कोणताही कायदा नाही. काकूंना मी एवढेच सांगितले: प्रत्येकाचे ओळखपत्र घ्या, वहीत नाव-पत्ता लिहा. लग्नाचा दाखला मागा असे कोणताही कायदा तुम्हाला सांगत नाही.

उलट संविधान काय म्हणते ते पाहू. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला मज्जाव करता येणार नाही असे आहे, आणि त्याच खंडात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचेही नाव आहे. तळ्याचे नाव वाचले की आपल्याला आपल्याच जिल्ह्यातले महाड आठवते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात म्हटले होते की ‘लिंग’ या आधारात लैंगिक कलही येतो आणि हा दुसरा खंड एका नागरिकाने दुसऱ्याशी करायच्या भेदभावालाही लागू होतो. तो निकाल २०१३ मध्ये फिरवला गेला आणि २०१८ मध्ये त्याच दिशेने पुन्हा पुढे गेला. कुणाच्या घरातल्या दोन खोल्यांना हे कितपत लावायचे यावर वकील भांडतील. पण अलिबागच्या मोठ्या रिसॉर्टांना तरी ही पळवाट नाही.

विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही. त्यामुळे ‘आम्ही फॅमिली आहोत’ हे सिद्ध करायला या चौघांकडे कागद नाही. गंमत अशी, की २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावे. म्हणजे रेशनच्या दुकानात तांदूळ घेताना जे कुटुंब, ते समुद्रकाठी खोली घेताना बॅचलर!

आपल्या चळवळीबद्दलही थोडे बोलायला हवे. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ सुरू झाला, जो पुढे ‘लेबिया’ झाला, तेव्हा त्या आपल्यातल्याच बायका होत्या. १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत थिएटरे फोडली गेली, तेव्हा निषेधाच्या पत्रकांत ‘लेस्बियन’ हा शब्द घालायचा की नाही यावर स्त्री संघटनांत वाद झाले. मी तेव्हा शाळेत होते. एम.एस.डब्ल्यू. करताना हे सगळे वाचले आणि वाटले, आता तो वाद संपला. संपलेला नाही. आपल्या शिबिरांत या दोघी चालतात, त्या ‘मैत्रिणी’ आहेत तोवर. खोल्यांचे वाटप करताना मी स्वतः कधी विचारलेले नाही, की कुणाला एकत्र खोली हवी आहे का. ‘बायकाच तर आहेत सगळ्या’ हे काकूंचे वाक्य मीही वापरलेले आहे.

दोघींना खोली सहज मिळते याला मी सवलत मानत नाही. दोन बायकांत असे काही असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून ती मिळते. आणि ज्या क्षणी डोक्यात येते त्या क्षणी घरी फोन जातो. मग कोंडून ठेवणे, घाईने लग्न लावून देणे सुरू होते. असे प्रसंग आपल्या केंद्रांवर येतात. त्यामुळे ज्यांना असे जायचे आहे त्यांनी आधीच ठरवावे की किती सांगायचे. न सांगणे हा भ्याडपणा नाही. चौघांनाही मी तेच म्हटले. पण खोली स्वतःच्याच नावाने घ्यावी, ओळखपत्रे दोघांचीही द्यावीत, आरक्षण झाल्याचा मेसेज जपून ठेवावा, आणि आपण कुठे आहोत हे एका विश्वासाच्या माणसाला माहीत असावे. शक्य असल्यास पाहुण्यांच्या खोलीला वेगळा दरवाजा असलेली वाडी बघावी. आणि ‘मोठा पलंग एकच हवा’ हे आधीच सांगावे, म्हणजे दारात उभे राहून समजावत बसावे लागत नाही.

काकूंचा तिसरा प्रश्न राहिला, शेजाऱ्यांना काय सांगायचे हा. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या म्हणाल्या, “ताईंचे पाहुणे आहेत, एवढेच सांगेन.” मग त्यांनी अटी घातल्या: पुरुषांना मागची खोली, बायकांना पडवीजवळची. दीर संध्याकाळी येतो तेव्हा चौघांनी एकत्र अंगणात बसायचे. मला ते आवडले नाही. चौघांनी मान्य केले.

ते आले, राहिले. दुसऱ्या रात्री पोपटी लावली. मीही गेले होते. शेंगा सोलता सोलता काकूंनी वही आणली. शाळेची दोनशे पानी वही, काकूंनी स्वतः रेघा आखलेली, त्यात शेवटचा रकाना ‘नाते’. आदल्या दिवशी घाईत तो कोराच राहिला होता. काकूंनी पेन पुढे करून विचारले, “इथे काय लिहू?” दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरली म्हणाली, “जोडीदार लिहा.” काकूंनी लिहिले. खालच्या ओळीवर पुरुषांची नावे होती. त्यांच्याकडे बघून काकूंनी विचारले, “तुमचेही तेच ना?” आणि उत्तराची वाट न बघता तिथे वरच्यासारखीच दोन टिंबे दिली.

फाटकावरची पाटी अजून तशीच आहे. मार्चमध्ये गटाची बैठक काकूंच्याच पडवीत आहे. पाटीवर काय लिहायचे हा विषय मी त्या दिवशी काढणार आहे, दीर घरी असला तरी.